पुकारा : उज्जयिनीच्या घटिकेपासून पेजरपर्यंत

न्यायालयात प्रकरणाची पाळी आली म्हणजे शिपाई दाराशी येऊन पक्षकाराचे नाव मोठ्याने घेतो. यास आम्ही वकील मंडळी ‘पुकारा’ म्हणतो. ही गोष्ट दिसावयास लहान, परंतु तिचे परिणाम मोठे आहेत. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या नवव्या आदेशान्वये, पुकारा झाल्यावर वादी गैरहजर राहिला व प्रतिवादी हजर असला, तर दावा काढून टाकला जातो. प्रतिवादी न आला, तर समन्साची बजावणी रीतसर झालेली असल्यास एकतर्फी सुनावणी चालते. पुढे ‘पुरेसे कारण’ दाखविल्यास दावा पुन्हा उभा राहतो खरा, तथापि कायद्याचे गृहीत असे की, नाव घेतले गेले म्हणजे ते ऐकले गेले. हे गृहीत कितपत खरे, हा प्रश्न न्यायालयाच्या व्हरांड्यापुरता नाही. जेथे जेथे पुष्कळ माणसे एका आवारात जमतात, तेथे तेथे तो उभा राहतो. आणि देवालयाच्या यात्रेहून मोठे असे दुसरे आवार कोणते?

या प्रश्नाचा इतिहास पाहू जाता उज्जयिनी हे स्थान सहजच पुढे येते. आपल्या ज्योतिषशास्त्राने मध्यरेषा कल्पिली ती लंका, अवंती व कुरुक्षेत्र यांवरून जाणारी. सहाव्या शतकातील वराहमिहिर याच नगरीचा. आणि अठराव्या शतकात सवाई जयसिंगाने वेधशाळा बांधली तीही येथेच. परंतु काळ मोजणे हे अर्धे काम. मोजलेला काळ लोकांस कळविणे हे उरलेले अर्धे. तळाशी बारीक छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यावर सोडावे, ते चोवीस मिनिटांत बुडावे, की एक घटिका झाली. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी ते लग्नमंडपात पाहिले असेल. पात्र बुडताच काशाच्या थाळीवर टोला पडे. त्या थाळीस ‘तास’ म्हणत, आणि तोच शब्द पुढे साठ मिनिटांच्या कालखंडास चिकटला. म्हणजे मराठी माणूस ‘एक तास झाला’ असे म्हणतो, तेव्हा तो नकळत एका जुन्या सार्वजनिक पुकाऱ्याचेच स्मरण करीत असतो.

टोला, शिंग, नगारा, चौघडा ही सर्व साधने एकाच जातीची. ती सर्वांस एकच गोष्ट सांगतात. इसवी सन १२३५ च्या सुमारास अल्तमशाने उद्ध्वस्त केलेले महाकालेश्वराचे देवालय अठराव्या शतकात पुन्हा उभे राहिले, ते राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांच्या हातून. कोकणातील एका सारस्वत गृहस्थाने माळव्यात जाऊन हे कार्य करावे, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरीजवळच्या लष्करास हलविली, तोवर उज्जैन हे मराठी राज्यकारभाराचे नगर होते. अशा नगरात राजाज्ञा पोहोचावयाची ती दवंडीने. दवंडी सर्वस्वी गेली असे मात्र कोणी समजू नये. स्थावर मिळकतीची जप्ती ‘ढोल वाजवून अथवा अन्य रूढ रीतीने’ जाहीर करावी, असे दिवाणी संहितेच्या एकविसाव्या आदेशात लिहिले आहे.

दवंडीने गावास सांगता येते. गावातील एकास सांगणे तिला कठीण. यात्रेत तर नेमकी हीच अडचण येते. आजीचा हात सुटला, पोर मागे राहिले, तर हवे असते ते एकच माणूस, आणि भोवती असतात लक्षावधी. या अडचणीस व्यवस्थित उत्तर देण्याचा मान प्रयागच्या राजाराम तिवारी यांस दिला पाहिजे. १९४६ साली त्यांनी संगमावर ‘भूले भटके शिबिर’ सुरू केले, तेव्हा त्यांचे साधन म्हणजे पत्र्याचा एक कर्णा. तो तोंडास लावून ते हरवलेल्यांची नावे घेत फिरत. २०१६ मध्ये त्यांचे देहावसान झाले. तोवर सत्तर वर्षे हे व्रत त्यांनी चालविले. त्यांच्या कार्याचे मोल कळण्यासाठी ३ फेब्रुवारी १९५४ ची मौनी अमावास्या आठवावी. स्वतंत्र भारताच्या त्या पहिल्या प्रयाग-कुंभात चेंगराचेंगरी होऊन शेकडो यात्रेकरू मृत्यू पावले, व न्यायमूर्ती कमलाकांत वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमावी लागली.

त्याच दशकात पश्चिमेकडे या प्रश्नाचे निराळे उत्तर शोधले जात होते. तेथे गर्दी यात्रेची नव्हती. इस्पितळातील डॉक्टर नेमका कोणत्या मजल्यावर आहे, ही विवंचना होती. ध्वनिक्षेपकावरून नाव घेतले तर डॉक्टर एक, आणि दचकणारे रोगी शंभर. अमेरिकेत अल ग्रॉस याने खिशात मावेल असे बिनतारी आवाहक यंत्र सिद्ध केले, आणि १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूइश हॉस्पिटलात ते वापरात आले. लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात १९५६ साली मल्टिटोन कंपनीने अशीच योजना बसविली. आरंभीच्या काही योजनांत इमारतीभोवती तारेचे वेटोळे घालीत व त्याच्या आत असलेल्या यंत्रासच हाक पोहोचे. देवळाच्या प्राकारासारखीच ही मर्यादा म्हणावयाची : आतील सेवेकऱ्यास हाक, बाहेरच्यास उपद्रव नाही. १९५९ च्या सुमारास मोटोरोला कंपनीने या यंत्रास ‘पेजर’ हे नाव रूढ केले.

हजारो यंत्रांतून एकच कसे जागे होते, हे समजून घेण्यासारखे आहे. ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या पुढाकाराने १९८० च्या सुमारास ‘पॉक्सॅग’ नामक संकेतपद्धती ठरली. तीत संदेश तुकड्यातुकड्यांनी जातात. प्रत्येक तुकडीच्या आरंभी सर्वांना ठाऊक असलेला बत्तीस अंकांचा एक शब्द येतो. मागाहून आठ चौकटी, व प्रत्येक चौकटीत दोन शब्द. हे सर्व अंक केवळ शून्य व एक. पेजरच्या क्रमांकातील शेवटचे तीन अंक त्याची चौकट ठरवितात. ते यंत्र आपल्या चौकटीपुरते कान उघडते आणि उरलेला वेळ स्वस्थ राहते. म्हणून लहानशा बॅटरीवर ते आठवडेच्या आठवडे चालते. अठरा अंक शब्दात व तीन चौकटीत, असे एकवीस अंक मिळून वीस लक्षांहून अधिक यंत्रांस निरनिराळी ओळख देता येते. आपापल्या पाळीस जागे राहावे व इतर वेळी विसावा घ्यावा, ही शिस्त देवळातील मानकऱ्यांस नवी नाही.

भारतात ही सेवा १९९५ मध्ये आली. दुर्दैव असे की, त्याच वर्षाच्या ३१ जुलैस कलकत्त्याहून दिल्लीस मोबाइल दूरध्वनीवरून पहिले संभाषण झाले. २००३ साली येणाऱ्या मोबाइल हाकेचे शुल्क रद्द झाले आणि पेजरचे प्रयोजनच सरले. जपानातील अखेरची अशी सेवा ३० सप्टेंबर २०१९ रोजी थांबली. तथापि त्याच वर्षी ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत सुमारे १ लक्ष ३० हजार पेजर चालू होते, आणि ते काढून टाकण्यासाठी सरकारास मुदत घालून द्यावी लागली. जुने यंत्र इतके चिवट का? कारण जाड भिंतींतूनही त्याची हाक पोहोचते आणि मोबाइलच्या जाळ्यावर ताण आला तरी तिला अडथळा होत नाही. साध्या पेजरात उणीव एकच : संदेश मिळाला की नाही, हे पाठविणाऱ्यास कळत नाही. आमच्या भाषेत सांगावयाचे तर, पुकारा झाला, बजावणीचा पुरावा नाही.

आता पुन्हा उज्जयिनीकडे वळू. १५ जुलै १९९६ रोजी सोमवती अमावास्येस महाकालेश्वराच्या देवालयात चेंगराचेंगरी झाली व तीसहून अधिक भाविक प्राणांस मुकले. २०१६ च्या सिंहस्थात ५ मे रोजी वादळाने मंडप कोसळून जीवितहानी झाली. अशा क्षणी सर्वांस एकदम ऐकू जाणारा आवाज हाच आधार असतो. कायदाही हे जाणतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास मनाई केली. परंतु सार्वजनिक आपत्तीचा प्रसंग त्यातून स्पष्टपणे वगळला. महाकालाची भस्मारती पहाटे, या मनाईच्या वेळातच होते, हे लक्षात घेतले म्हणजे या अपवादाचे मर्म कळते. शांतता हा नियम, आणि जिवावर बेतल्यास आवाज हा हक्क.

यावरून आम्हांस असे दिसते की, सर्वांसाठी असलेली हाक व एकासाठी असलेली हाक यांची मिसळ करू नये. दिवसभर भजने, जाहिराती व पाहुण्यांचे आभार ज्या कर्ण्यातून वाहतात, त्याच कर्ण्यातून हरवलेल्या आजीचे नाव आले तर ते कोण ऐकणार? आणि तोच कर्णा ‘मागे सरा’ असे ओरडला तरी लोक त्यास नित्याचा गलबला समजतील. सेवेकरी, वैद्य, पोलीस, अग्निशामक यांस बोलवावयाचे तर मूक यंत्राने बोलवावे, आणि कर्णा हरवलेल्यांसाठी व आपत्तीसाठी राखावा.

दुसरी गोष्ट भाषेची. वेंगुर्ल्याहून वा काणकोणाहून निघालेली, कोंकणीखेरीज दुसरी भाषा न जाणणारी वृद्धा क्षिप्रेच्या घाटावर चुकली, तर हिंदीतील पुकाऱ्यात आपले नाव आहे हे तिला उमगेलच असे नाही. तिच्यापाशी मोबाइल असला तर तो बहुधा मुलाच्या खिशात असतो. नाव घेण्याचे कर्तव्य पार पडले, एवढ्याने पुकारणाऱ्याची सुटका होऊ नये. ज्याचे नाव घेतले त्यास ते ऐकू यावे व समजावे, ही जबाबदारीही त्याचीच मानली पाहिजे. उज्जैनचे पुढील सिंहस्थ २०२८ साली आहे. ज्या देवालयाचा जीर्णोद्धार आपल्यातील एका गृहस्थाने केला, तेथील शोधकेंद्रावर मराठी व कोंकणी जाणणारे चार स्वयंसेवक धाडणे आपल्या संस्थांस अवघड नाही. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही; तिची भाषा बोलणारा मनुष्य कर्ण्यापाशी बसलेला असला म्हणजे झाले.