महाराष्ट्रातील पवनऊर्जा

वाऱ्याच्या गतिज ऊर्जेपासून वीज मिळवणाऱ्या प्रकल्पांचा महाराष्ट्र राज्यातील विस्तार. मार्च 2024 अखेर येथील पवनऊर्जेची स्थापित क्षमता सुमारे 5,200 मेगावॉट होती. क्षमतेत गुजरात, तमिळनाडू व कर्नाटकनंतर महाराष्ट्राचा क्रमांक लागतो. या क्षेत्राची वाढ सलग झालेली नाही. करसवलती, वीजदर आणि खरेदीचे नियम बदलले, तसा तिचा वेगही बदलत गेला.

वारा व भूरचना : राज्यातील पवनऊर्जा मुख्यतः नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर चालते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती आठपट होते. म्हणून सह्याद्रीच्या माथ्यावरील उघडी पठारे व डोंगरधारा मोलाच्या ठरल्या. सातारा जिल्ह्यात वनकुसवडे व चाळकेवाडी, सांगलीत ढालगाव व गुढे-पाचगणी, धुळ्यात साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल आणि अहिल्यानगर जिल्ह्यात कवड्या डोंगर ही प्रमुख ठिकाणे आहेत. वर्षभरातील निर्मितीचा मोठा वाटा मे ते सप्टेंबर या काळात पडतो. पावसाळ्यात कृषिपंप बंद असल्याने विजेची मागणी उतरलेली असते. उलट ऑक्टोबरच्या उन्हात व मार्च-एप्रिलमध्ये मागणी चढते, तेव्हा वारा मंद असतो. त्यामुळे केवळ पवनऊर्जेवर विसंबून राज्याची गरज भागवता येत नाही.

विकास : केंद्र सरकारच्या प्रात्यक्षिक योजनेत 1986 मध्ये रत्नागिरी येथे 55 किलोवॉटची यंत्रे बसवण्यात आली. गुजरातमधील ओखा व तमिळनाडूतील तुतिकोरिन येथेही तेव्हाच असे प्रकल्प उभे राहिले. खासगी गुंतवणूक मात्र 1990 च्या दशकाच्या अखेरीस आली. राज्याची विक्रीकरातील सवलत आणि प्राप्तिकरातील वेगवर्धित घसारा यांमुळे नफ्यातील उद्योगांना पवनचक्की घेणे फायद्याचे झाले. तुलसी तांती यांनी 1995 मध्ये स्थापन केलेल्या व पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉन कंपनीने जमीन, यंत्र, जोडणी व देखभाल एकत्र पुरवण्याची पद्धत रूढ केली. बजाज ऑटोसारख्या कंपन्यांनी वनकुसवडे येथे यंत्रे घेतली. 2003 पर्यंत राज्याची क्षमता सुमारे 400 मेगावॉट झाली.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने नोव्हेंबर 2003 मध्ये नव्या प्रकल्पांसाठी युनिटला 3.50 रुपये व दरवर्षी 15 पैसे वाढ असा 13 वर्षांचा दर ठरवला. उत्पन्नाची खात्री मिळाल्याने वाढीला जोर आला. 2010 पासून वाऱ्याच्या घनतेनुसार चार विभाग पाडून दर ठरू लागले. मंद वाऱ्याच्या जागी दर जास्त असल्याने तेथेही प्रकल्प परवडू लागले. क्षमता 2010 मध्ये 2,000, तर 2014 मध्ये 4,000 मेगावॉटपलीकडे गेली. राज्याच्या 2015 च्या अपारंपरिक ऊर्जा धोरणातील 14,400 मेगावॉटच्या एकूण लक्ष्यात पवनऊर्जेचा वाटा 5,000 मेगावॉट होता.

2017 पासून देशभर निश्चित दराची जागा स्पर्धात्मक निविदांनी घेतली. महावितरणच्या मार्च 2018 च्या 500 मेगावॉटच्या लिलावात दर 2.85 ते 2.87 रुपयांवर आला. ग्राहकाला वीज स्वस्त मिळू लागली. पण वेगवर्धित घसारा 80 वरून 40 टक्क्यांवर आल्याने लहान गुंतवणूकदार मागे हटले. 2020 ते 2023 या काळात क्षमता 5,000 मेगावॉटच्या आसपासच रेंगाळली. त्यानंतरच्या नव्या प्रकल्पांत बीड व धाराशिव हे जिल्हे पुढे आले.

परिणाम व वाद : प्रकल्पांमुळे दुर्गम पठारांवर रस्ते झाले आणि काहींना देखभाल व सुरक्षेची कामे मिळाली. मात्र जमिनीचा मोबदला व वनजमिनीवरील हक्क यांवरून तंटेही झाले. साक्री भागात आदिवासींनी विरोध केला. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने 2011 च्या अहवालात भीमाशंकर अभयारण्यालगतच्या प्रकल्पामुळे झालेल्या हानीची नोंद घेतली. चाळकेवाडी पठारावरील मारिया ठाकर व सहकाऱ्यांच्या 2018 मधील संशोधनात पवनचक्क्यांच्या क्षेत्रात शिकारी पक्षी सुमारे चौपट कमी आढळले. त्यामुळे तेथे सरड्यांची संख्या वाढली आणि त्यांच्या वर्तनातही फरक पडला.

सद्यस्थिती : सर्वांत वेगवान वाऱ्याच्या जागा सर्वांत जुन्या, कमी क्षमतेच्या यंत्रांनी अडवल्या आहेत. ती काढून आजची दोन-तीन मेगावॉटची यंत्रे बसवल्यास त्याच पठारांवर बरीच जास्त वीज निघू शकेल. यासाठी केंद्राने 2016 मध्ये धोरण आखले व 2023 मध्ये ते सुधारले. परंतु करसवलतीच्या काळात एकाच पठारावर अनेक मालक झाले. त्यांचे करार व जमिनीचे हक्क वेगवेगळे असल्याने नूतनीकरणाला एकमत लागते.