महजर व जनसुनावणी : तारापूर आणि माडबन येथील अणुवीजप्रकरणांचीं साधनें

(अंबाडी, ता. भिवंडी)

तारापूर हें नांव उच्चारतांच आमच्या अभ्यासकांच्या डोळ्यांपुढें १७३९ च्या जानेवारींतील वेढा, चिमाजी आप्पांची मोहीम व तेथें कामास आलेले बाजी भीवराव रेठरेकर हींच उभीं राहतात. त्याच किनाऱ्यावर २८ ऑक्टोबर १९६९ पासून हिंदुस्थानांतील पहिलें अणुवीजकेंद्र चालूं झालें, ही गोष्ट इतिहाससंशोधनाच्या कक्षेंत अजून यावी तशी आलेली नाहीं. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा होईपर्यंत तारापूर आणि आमचें अंबाडी हीं एकाच ठाणें जिल्ह्यांत मोडत असत. तेव्हां या प्रकरणाचे जुने कागद धुंडाळणाऱ्यानें ठाण्याच्या कचेरीपासूनच आरंभ केला पाहिजे.

कागद म्हटले कीं पहिली अडचण कायद्याची. १९४८ चा अणुशक्तीचा कायदा व त्याच्या जागीं आलेला १९६२ चा कायदा हे दोन्ही गुप्ततेच्या पायावर रचलेले होते. १९६२ च्या कायद्याचें अठरावें कलम तर सरकारास अणुकेंद्राविषयींची माहिती प्रसिद्ध करण्यास बंदी घालण्याचा अधिकार देत होतें. ऑगस्ट १९६३ मध्यें अमेरिकेशीं करार झाला, जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें दोन भट्ट्या उभारून दिल्या. परंतु भोवतालच्या गांवकऱ्यांस एकत्र बसवून त्यांचें म्हणणें लिहून घ्यावें अशी तरतूद त्या काळच्या कोणत्याच कायद्यांत नव्हती. म्हणून त्या बांधणीविषयीं रयतेच्या तोंडचा सरकारी कागद शोधूं जाणाऱ्याच्या पदरीं निराशाच येते.

सुरक्षेची देखरेख प्रथम खात्यानें आपल्याच घरांत ठेविली. १९७२ मध्यें खात्याची एक परीक्षण समिति झाली आणि १५ नोव्हेंबर १९८३ रोजीं अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालें. तें संसदेच्या स्वतंत्र कायद्यानें नव्हे, तर १९६२ च्या कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाखालीं निघालेल्या हुकुमानें. मंडळ अणुऊर्जा आयोगास जबाबदार, आणि आयोगाचा अध्यक्ष तोच खात्याचा सचिव. म्हणजे ज्याच्या कारभाराची तपासणी करावयाची त्याच्याच हाताखालीं तपासनीस! पेशवाईंत दरखदाराची नेमणूक हुजुरांतून होई व मामलतदारास त्यास दूर करतां येत नसे. हें तत्त्व आमच्या वाचकांस नवें नाहीं.

१९९५ मध्यें मंडळाचे अध्यक्ष डॉ. ए. गोपालकृष्णन् यांच्या कारकीर्दींत देशांतील अणुकेंद्रांच्या सुरक्षेंतील उणिवांचा अहवाल तयार झाला. तो प्रसिद्ध करावा म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज् व मुंबई सर्वोदय मंडळ यांनीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत अर्ज केले. तेथें ते फेटाळले गेले, आणि जानेवारी २००४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही अठरावें कलम वैध ठरवून अपील नामंजूर केलें. संशोधकाच्या दृष्टीनें मात्र या निवाड्याचें मोल मोठें आहे. कारण मूळ अहवाल बंद राहिला तरी त्याविषयींचा वाद न्यायालयाच्या दप्तरांत कायमचा नमूद झाला.

लोकांचें म्हणणें लिहून घेण्याची सक्ति दुसऱ्याच दारानें आली. १९९७ मध्यें पर्यावरणविषयक अधिसूचनेंत जनसुनावणीची अट घातली गेली व १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनें तिची रीत ठरविली. ती रीत वाचतांना आम्हांस महजराची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. महजरांत आरंभीं हजीर मजालसींतील असामींचीं नांवें, मग वादी-प्रतिवादींच्या तकरिरा, साक्षी व निर्णय. आणि पाटलाचा नांगर, बलुतेदारांच्या हत्यारांचीं चिन्हें अशा निशाण्या. सुनावणींतही कलेक्टरानें किंवा त्याच्या प्रतिनिधीनें अध्यक्षस्थानीं बसावें, तीस दिवस आधीं जाहिरात द्यावी, झालेलें कामकाज अखेरीस लोकांस त्यांच्या भाषेंत वाचून दाखवावें, असें आहे. भेद दोन, आणि दोन्ही मोठे. महजर निर्णयपत्र असे, सुनावणीचें टिपण निर्णय करीत नाहीं. आणि त्याखालीं सही पडते ती जिल्हाधिकाऱ्याची, गांवाची निशाणी तेथें नाहीं. महजर म्हणजे लोकसत्ता असें आमचें म्हणणें नव्हे. वतनदारांचें वजन त्यांत किती असे हें सर्वश्रुत आहे. पण गोताची संमति कागदावर दिसल्यावांचून निवाडा पक्का मानीत नसत.

राजापूर तालुक्यांतील माडबन येथें जैतापूर प्रकल्पाची सुनावणी १६ मे २०१० रोजीं झाली. मिठगवाणें, करेल, निवेली व माडबन या गांवांची ९३८ हेक्टर जमीन त्यांत गुंतली होती. अहवालाची मराठी प्रत वेळेवर मिळाली नाहीं, ही ग्रामस्थांची मुख्य हरकत; आणि ती आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं, कारण न वाचलेल्या कागदावर तकरीर कसली करावी? २८ नोव्हेंबर २०१० रोजीं पस्तीस अटींसह मंजुरी आली. किरणोत्सर्गाचा प्रश्न, म्हणजे गांवकऱ्यांच्या भीतीचें मूळच, अणुऊर्जा नियामक मंडळाकडे सोपविण्यांत आला. पुढें १८ एप्रिल २०११ रोजीं साखरी नाटें येथें गोळीबार होऊन एक इसम ठार झाला.

२०१२ च्या ऑगस्टांत महालेखापालांचा अहवाल संसदेपुढें आला. नियमभंगास जास्तींत जास्त दंड पांचशें रुपये, हें त्यांतील एकच कलम मंडळाची स्थिति सांगण्यास पुरेसें आहे. ७ सप्टेंबर २०११ रोजीं लोकसभेंत मांडलेलें स्वतंत्र नियामकाचें विधेयक २०१४ मध्यें लोकसभा विसर्जित होतांच बाद झालें. डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें शांति नांवाचा नवा कायदा पारित करून १९६२ चा कायदा रद्द करण्याची व मंडळास कायद्याचें अधिष्ठान देण्याची तरतूद केली.

तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्ट्यांसाठीं पोफरण व अक्करपट्टी हीं गांवें उठलीं. तेथील व माडबन परिसरांतील ग्रामसभांचे ठराव, हरकतींचे अर्ज, मोबदल्याच्या नोटिसा व सुनावणीचीं टिपणें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. कोंकणच्या दमट हवेंत यंत्रावर छापलेला हलका कागद जुन्नरी कागदाइतका टिकत नाहीं.