रविवारचं महाभारत आणि ट्रॅक्टरची बॅटरी

आजची गोष्ट एका बॅटरीपासून सुरू होते, आणि ती बॅटरी आमच्याच घरची.

साल १९८९. दर रविवारी सकाळी 'महाभारत' लागायचं. जळकोटला तेव्हा तालुक्याचा दर्जाही नव्हता, आणि लाईट नेमकी रविवारीच जायची, निदान आम्हाला तसं वाटायचं. उपाय सगळ्या गावाला माहीत होता. ट्रॅक्टरची बॅटरी काढायची आणि ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीच्या वायरीचे चिमटे तिला लावायचे. उन्हाळ्यात ट्रॅक्टर तसाही उभाच. बॅटरी मग टीव्हीखालीच राहिली. पिक्चर, मॅच, बातम्या, सगळं तिच्यावर. पेरणीच्या तोंडाला दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती परत ट्रॅक्टरला जोडली, चावी फिरवली, आणि नुसतं 'टक्'. चार्जिंगवाल्याकडं दोन दिवस ठेवली तरी उठली नाही. वापसा निघून चालला होता. दादांनी उसने पैसे काढून नवी आणली आणि शिव्या घातल्या दुकानदाराला.

दुकानदार बिचारा निर्दोष होता. भानगड बरीच जुनी आहे.

१८५९ मध्ये गॅस्टन प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञानं शिशाचे दोन पत्रे गुंडाळून गंधकाच्या आम्लात बुडवले आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली. १८८१ मध्ये कामी फोर यानं पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडचा लेप दिला, ताकद वाढली. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विजेच्या मोटारी धावायला लागल्या, तेव्हा बॅटरी रोज खाली व्हायची आणि तो लेप झडून तळाला बसायचा. फिलाडेल्फियाच्या एका कंपनीनं १९१० मध्ये तोडगा काढला. लेप नळ्यांमध्ये ठासून भरायचा, म्हणजे झडणार कुठं? आज आपण दुकानात जाऊन 'ट्यूब्युलर द्या' म्हणतो ना, तिची ही पणजी.

आणि लगेच १९१२ मध्ये कॅडिलॅकच्या मोटारीला विजेचा स्टार्टर बसला. हँडल मारायची कटकट गेली, पेट्रोल गाडी जिंकली, विजेच्या मोटारी हळूहळू मागं पडल्या. बॅटरीला नवीन काम मिळालं. दोन-तीन सेकंद जोराचा धक्का द्यायचा आणि लगेच इंजिनाकडून भरून घ्यायचं. त्यासाठी पातळ, पुष्कळ प्लेटा. इथं बॅटरीच्या दोन जाती पडल्या. आमची ट्रॅक्टरवाली ही १९१२ ची. तिला आम्ही महिनोन्‌महिने टीव्ही ओढायला लावला आणि वर अर्धपोटी ठेवलं. अर्धपोटी राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात, मग कितीही चार्ज करा.

दुसरी जात टिकली ती कारखान्यातल्या फोर्कलिफ्टमध्ये, आणि गंमत म्हणजे गोल्फच्या मैदानावर. १९५२ च्या सुमारास कॅलिफोर्नियात ट्रोजन कंपनीनं गोल्फच्या गाडीसाठी जाड प्लेटांची खास बॅटरी काढली. ती गाडी दिवसा चार-पाच तास फिरते, रात्रभर निवांत चार्जिंगला लागते, आणि डिस्टिल वॉटर घालायला पगारी माणूस असतो. बॅटरीचं सुख म्हणजे हेच.

आता आपल्याकडं या. दाभोळ प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, विजेची मागणी वाढत गेली, आणि २००५ नंतर भारनियमन म्हणजे काय ते मराठवाड्यानं अंगावर काढलं. ज्या फीडरवर गळती आणि थकबाकी जास्त, तिथं अंधार जास्त, असा नियम होता. खेड्यात बारा बारा तास लाईट नसायची. घरोघरी इन्व्हर्टर आले.

हिशोब करा. दोन पंखे, दोन ट्यूबलाईट, धरा २०० वॅट. १२ व्होल्टच्या बॅटरीतून साधारण २० अँपिअर जातात. १५० एएचची बॅटरी निम्म्यावर यायला चार तासही लागत नाहीत, आणि निम्म्याखाली नेऊ नये हा पहिला नियम. चार्जर १५ अँपिअरचा असेल तर पूर्ण रिकामी भरायला दहा तासांच्या वर हवेत. लाईट यायची तीही तुकड्या-तुकड्यात. म्हणजे भारी ट्यूब्युलर आणली तरी तिचं पोट कधी भरलंच नाही. लोक म्हणायचे माल डुप्लिकेट आहे. काही असेलही, पण बऱ्याच बॅटऱ्या उपासमारीनं गेल्या.

आणि पाणी! चार्जिंगमध्ये पाण्याचाच हायड्रोजन-ऑक्सिजन होऊन उडतो, आम्ल आत राहतं. म्हणून भर घालायची ती डिस्टिल वॉटरची, तीही चार्जिंग झाल्यावर. प्लेटा उघड्या असतील तर मात्र आधी त्या बुडण्यापुरती. आमच्याकडं बोअरचं घालायचे. त्यातले क्षार प्लेटा खातात. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ज्या मुलखात प्यायचं पाणी गाडीनं येतं, तिथं बॅटरीसाठी विकतचं पाणी आणा असं कोणाला सांगणार? मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांत तर ते आणखी लवकर आटतं.

विजेची गाडी मात्र फिरून आलीच. माथेरानला मोटारींना बंदी, माणसं माणसाला रिक्षात बसवून ओढायची. सुप्रीम कोर्टाच्या परवानगीनं डिसेंबर २०२२ मध्ये तिथं ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली. दिवसा फेऱ्या, रात्री चार्जिंग, म्हणजे गोल्फच्या गाडीचंच वेळापत्रक.

दादांकडं आता हायड्रोमीटर आहे. महिन्यातून एकदा इन्व्हर्टरच्या बॅटरीची सहाही झाकणं उघडून बघतात. बारासाठच्या वर आकडा आला की खूश. परवा एका घरात अकराऐंशी आला, तर मला फोन करून विचारलं, "तू आला होतास तेव्हा रात्रभर मॅच बघत बसला होतास का?"