अंबाजोगाईची छावणी : मालकी आणि हुकमत

वसाहतीच्या प्रारंभाचा विचार करू लागताच सिडनीसारखे उदाहरण डोळ्यांपुढे येते. तेथे २६ जानेवारी १७८८ रोजी ब्रिटिशांचे निशाण लागले आणि मूळ रहिवाशांशी तह न करताच भूमी इंग्रज राजाची ठरली. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईस मात्र ही सत्ता निराळ्या वाटेने आली. भूमी निजामाची, पगार निजामाच्या खजिन्यातून आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्याचा, असा येथील प्रकार होता.

१८०० च्या तैनाती तहानंतर निजामाच्या स्वतःच्या फौजेवरही इंग्रज अधिकारी नेमले जाऊ लागले. रेसिडेंट हेन्री रसेल याच्या कारकिर्दीत (१८११-१८२०) ही व्यवस्था दृढ झाली. अंतर्गत बंदोबस्त हे तिचे मुख्य काम होय. १८१८ मध्ये बीड भागात धर्माजी प्रतापराव याने केलेला उठाव लेफ्टनंट सदरलंड याच्या हाताखालील निजामी रिसाल्यानेच मोडला. ह्याच फौजेच्या घोडदळाची छावणी अंबाजोगाईस मोमिनाबाद ह्या नावाने वसली.

१८२७ मध्ये ह्या छावणीत दाढी काढण्याच्या हुकमावरून स्वारांनी बंड केले व त्यात कर्नल एव्हन डेव्हिस ठार झाला. ह्या घटनेस केवळ धर्मभावनेचा उद्रेक म्हणणे अपुरे होईल. येथील स्वार शिलेदारी पद्धतीचा होता. घोडा व हत्यार ही त्याची अथवा त्याच्या शिलेदाराची मालमत्ता असे. अशा मनुष्यास चाकरी मान्य होती, पण आपल्या देहावर परक्याची हुकमत मान्य नव्हती. आपण नेमके कोणाचे चाकर, हा प्रश्न त्या बंडाच्या मुळाशी होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तहाने त्या प्रश्नाचे उत्तर पुढे दिले. फौजेचा पगार थकला, कर्ज वाढले आणि २१ मे १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड, रायचूर दुआब व शेजारचा धाराशिव प्रांत इंग्रजांकडे खर्चासाठी लावून द्यावा लागला. धाराशिव व दुआब १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मात्र १९०२ च्या कराराने सालीना २५ लाख रुपयांवर कायम पट्ट्याने गेला आणि १९०३ मध्ये ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली.

सारांश, ज्या फौजेसाठी मुलूख गेला, ती फौजही अखेर निजामाची राहिली नाही. मराठवाड्यातील वसाहतवादाचा शोध केवळ जिंकलेल्या प्रदेशांत घेऊन भागणार नाही; तो पगाराच्या हिशेबातही घेतला पाहिजे.