सोळा आण्यांचा हिशोब

सोळाला निम्मं करत जा: आठ, चार, दोन, एक. चार वेळा मोडला तरी अपूर्णांक निघत नाही. शंभराचं पाहा: पन्नास, पंचवीस, आणि तिसऱ्या घावाला साडेबारा. गिऱ्हाईक अर्धा शेर मागायचं, पावशेर, अदपाव मागायचं. शेराचा दहावा भाग मागणारा मला तरी भेटला नाही. रुपयाचे आणे सोळा आणि शेराच्या छटाकाही सोळा, ते काही उगाच नव्हे.

बार्शीत आमचं किराण्याचं दुकान होतं. तात्या गल्ल्यावर बसून कागदाला हात न लावता हिशोब सांगत. त्यांची किल्ली अशी: जितके रुपये मण, तितक्या आण्यांना अडीच शेर. मणाचे शेर चाळीस, त्यांना सोळांनी भागलं की अडीच. ज्वारी १२ रुपये मण असली तर अडीच शेराचे बारा आणे, पाच शेरांचा दीड रुपया, झालं. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेत ती यासाठीच. औटकीला, म्हणजे साडेतिनाच्या पाढ्याला, मात्र भल्याभल्यांची बोबडी वळे.

कीर्दीत आण्यांना आकडे नसत, रेघा असत. रुपयांपुढे उभी रेघ म्हणजे चार आणे, आडवी म्हणजे एक. सात आणे लिहायचे तर एक उभी, तीन आडव्या. चौथी आडवी कधी यायचीच नाही. चार झाल्या की त्यांची एक उभी, चार उभ्या झाल्या की रुपया. म्हणजे चक्क चाराच्या पायावरचं अंकलेखन! हेच कुणी प्राध्यापकानं फळ्यावर मांडलं असतं तर आमच्या मुनीमजींनी हात जोडले असते.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. आण्याचे सव्वासहा होतात, पण पाव पैसा आणायचा कुठून? म्हणून तक्त्यात एका आण्याचे ६, दोनांचे १२, तिनांचे १९, चारांचे २५ लिहिलेले. आम्हा पोरांना यातली मेख लगेच कळली. आण्याची वस्तू एकेक करून चारदा घेतली तर २४ पैसे, एकदम घेतली तर २५! तात्या वैतागत. पण खरं सांगायचं तर मोठे गुणाकार नव्या पद्धतीनं सोपे झाले, आणि पुढे मुनीमजीही तेच म्हणू लागले.

सोळाची एक खोड होती: तीन वाटे होत नाहीत. त्यावर तोड म्हणजे पै. बारा पैंचा आणा, म्हणजे रुपयाच्या १९२ पै, आणि तिसरा हिस्सा बरोबर ६४. वडिलांची जमीन आम्हा तीन भावांत वाटली गेली, तेव्हा प्रत्येकाच्या नावापुढे पाच आणे चार पै लागले. पैशांत मांडायचं तर ३३, ३३ आणि ३४; धाकट्यानं तो एक पैसा सोडला असता असं मला वाटत नाही.