टिळक, नारायण वामन
(६ डिसेंबर १८६१–९ मे १९१९). मराठी कवी आणि ख्रिस्ती धर्मचिंतक. जन्म कोकणातील करजगावचा. १८९० नंतरच्या काळात ते नागपुरात धनिक अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. जातिभेदाने अस्वस्थ होऊन ते धर्माचा नव्याने विचार करू लागले होते. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाशी त्यांची काव्यावर, मग धर्मावर चर्चा झाली. निघताना त्याने वाचण्याचा शब्द घेऊन ‘नवा करार’ त्यांच्या हाती ठेवला. पुस्तक फारसे मनात भरले नसतानाही दिलेल्या शब्दाखातर टिळकांनी ते वाचायला घेतले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनाशी येताच ते त्यात गुंतले. न पटलेले पुस्तकही पुरते वाचण्याचा हा प्रामाणिकपणा त्यांच्या धर्मांतराच्या मुळाशी आहे. नुसत्या मिशनऱ्यांच्या प्रभावाने त्याचा उलगडा होत नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. पुढे एकत्र नांदू लागल्यावरही त्या सोवळे पाळत. टिळकांनी सक्ती केली नाही. १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हा सारा काळ विलक्षण मोकळेपणाने सांगितला आहे.

तुकारामांच्या अभंगांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक मानत. म्हणून त्यांची ख्रिस्तभक्ती अभंग, ओवी आणि कीर्तनातून प्रकटली. धर्मांतरानंतर पत्करलेली ख्रिस्ती मिशनची नोकरी १९१७ मध्ये सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे अपुरे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.