झेवियर्सची कपाटे

मुंबईत सेंट झेवियर्स म्हटलं की ‘मल्हार’ महोत्सव आठवतो, धोबीतलावजवळच्या त्या दगडी कमानी आठवतात, सुनील गावसकरांसारखे माजी विद्यार्थी आठवतात. 1869 साली सुरू झालेल्या या कॉलेजची मोठी कमाई मला मात्र त्याच्या कपाटांत दिसते.

कॉलेजला नाव दिलं ते संत फ्रान्सिस झेवियर यांचं. 6 मे 1542 रोजी ते गोव्यात उतरले. गोवेकरांचे ते ‘गोंयचो सायब’. पॅरिसच्या विद्यापीठात शिकलेले आणि काही काळ तिथेच शिकवलेले, त्यामुळे विद्यालयाला त्यांचं नाव शोभतंही. मुंबईत हे कॉलेज काढणारे त्यांच्याच येशूसंघाचे धर्मगुरू होते, बहुतेक जर्मन. 1914 साली महायुद्ध पेटलं आणि ब्रिटिश सरकारच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. काही नजरकैदेत गेले, अनेकांची मायदेशी रवानगी झाली. ज्यांनी कॉलेज उभं केलं, त्यांनाच ते असं सोडावं लागलं. इतर देशांतून आलेल्या फादरांनी ते सावरलं आणि 1922 च्या सुमारास स्पेनच्या येशूसंघीयांकडे धुरा आली.

या पडझडीत टिकून राहिलेले एक गृहस्थ म्हणजे फादर एथेलबर्ट ब्लॅटर. ते स्विस होते. 1906 मध्ये त्यांनी कॉलेजात वनस्पतिसंग्रह सुरू केला, तोच आजचा ब्लॅटर हर्बेरियम. हे काम फार चिकाटीचं. फुलोऱ्यावर आलेली फांदी टीपकागदात दाबायची, कागद पुन्हा पुन्हा बदलायचे, कीड लागू नये म्हणून औषध लावायचं, मग जाड कागदावर ती पक्की करून कोपऱ्यात चिठ्ठी डकवायची: नाव, गाव, तारीख, गोळा करणारा. त्यात मुंबईची पावसाळी हवा! दमटपणा आणि बुरशी यांच्याशी झगडत हे कागद शंभरहून अधिक वर्षं जपले गेले, याचं मला अतोनात अप्रूप वाटतं. सहकारी हॉलबर्ग यांच्याबरोबर ब्लॅटर राजस्थानच्या वाळवंटात हिंडले. मॅककॅन यांच्याबरोबरचं मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचं त्यांचं पुस्तक 1935 मध्ये, त्यांच्या निधनानंतर आलं.

पुढे फादर सांतापाव आले. बोरघाटाच्या माथ्यावरचं खंडाळा त्यांनी झाडाझुडपांसह पालथं घातलं आणि 1953 मध्ये तिथल्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. तिथली कारवी कैक वर्षांनी एकदाच फुलते. ती कुठे, कोणत्या साली फुलली होती, हे चिठ्ठीवरच्या तारखेवाचून कसं कळणार? सांतापाव नंतर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. 1967 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

इतिहासाच्या बाजूला फादर हेन्री हेरास. 1922 मध्ये ते मुंबईत आले तेव्हा कोणता इतिहास शिकवाल, असं त्यांना विचारलं गेलं. जो आपल्याला सर्वांत कमी ठाऊक आहे तो, म्हणजे भारताचा, त्यांनी मागून घेतला, अशी आठवण सांगितली जाते. चारच वर्षांत, 1926 मध्ये त्यांनी संशोधन संस्था काढली. नाणी, मूर्ती, हस्तलिखितं जमवली. सिंधू लिपीचं त्यांनी केलेलं वाचन विद्वानांनी स्वीकारलं नाही. तरीही कदंबांवर लिहिणारे जॉर्ज मोराईस यांच्यासारखे अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले. साडी नेसलेली मरिया रंगवणाऱ्या आंजेलो द फोन्सेका या गोव्याच्या चित्रकाराची पाठराखणही हेरास यांनी केली. 1955 मध्ये ते मुंबईतच गेले. संस्थेला आज त्यांचं नाव आहे.

अलीकडचा प्रवास सर्वांना माहीत आहे: 2003 मध्ये अंध विद्यार्थ्यांसाठी उभं राहिलेलं केंद्र, 2010 मध्ये मिळालेली स्वायत्तता. अंध विद्यार्थ्यांसाठीचं काम मला त्यात अधिक मोलाचं वाटतं.

हर्बेरियमची काळजी मात्र वाटते. नमुना हातात घेऊन जात ओळखणारे अभ्यासक देशभरच कमी होत आहेत आणि कपाटं सांभाळण्याच्या कामाला परीक्षेत गुण नसतात. मार्सेलिन आल्मेडा यांनी महाराष्ट्राच्या वनस्पतींचे खंड लिहिले ते याच संग्रहाच्या आधाराने. कोकणातल्या किंवा मावळातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपल्या मुलांना एकदा तरी इथे घेऊन यावं आणि आपल्या तालुक्याचा जुना कागद काढून दाखवायला सांगावं. त्यावरचं झाड अजून गावात आहे का, हे मग त्या मुलांनी घरी जाऊन पाहावं.